मोजून दिलेलें पाणी

तहानलेल्याला आधीं पाणी द्यावें आणि मग त्याची विचारपूस करावी, हा आपल्या घरांतील अगदीं पहिला संस्कार होय. नागपुरांत तर या संस्काराला उन्हाळ्याचें बळ मिळालें आहे. मे २०१३ मध्यें ज्या शहरांत पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला, तेथें पाणी नाकारणें म्हणजे काय, हें कोणाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. अशा शहरांत, वैशाखाच्या भर दुपारीं, ज्यांच्याबरोबर त्रेपन्न वर्षें संसार केला त्यांनीं ‘अग, घोटभर पाणी दे’ म्हणून हात पुढें करावा, आणि बायकोनें ‘आतां नाहीं, चार वाजतां देईन’ असें म्हणावें, हें ऐकून कोणासही तें क्रौर्य वाटेल. गेलीं दोन वर्षें हें क्रौर्य मी रोज करीत आहें. तें करतांना पाहून आल्यागेल्यांनीं माझ्या पतिसेवेची स्तुति केली. ती स्तुतीच एके दिवशीं आमच्या घरावर कशी उलटली, तें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

आमचे हे एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मी शहात्तर वर्षांची. त्यांचा सारा जन्म महाविद्यालयांत गणित शिकविण्यांत गेला. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन पाहुणे पंचवीस वर्षांपूर्वीं घरीं आले ते कायमचे राहिले, आणि त्यांनीं हळूहळू मूत्रपिंडें निकामी करीत आणिलीं. त्याचें निदान होऊन नऊ वर्षें झालीं. पुढें दोन वर्षांपूर्वीं भाजी आणावयास गेलेले हे धंतोलींतील रोजच्याच गल्लींत आपलें घर शोधीत उभे राहिले, तेव्हां दुसरें दुखणें उघडकीस आलें. हजारों विद्यार्थ्यांना ज्यांनीं हिशेब शिकविले, त्यांना आज आपण किती पेले पाणी प्यालों याचा हिशेब राहीना. एका दुखण्याची आज्ञा अशी कीं पाणी मोजून प्यावें. दुसऱ्याचा स्वभाव असा कीं मोजलेलें विसरावें.

अशीं घरें आज थोडीं नाहींत. देशांतील साठ वर्षांवरील माणसांची पाहणी होऊन २०२३ सालीं जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसें, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. प्रत्येकामागें कोणीतरी सेवेकरी असणारच. आणि रोगी पुरुष असला तर तो सेवेकरी बहुधा त्याची स्वतःच वृद्ध झालेली बायको असते.

दोन दुखण्यांचें नातें

मूत्रपिंडें म्हणजे लघवी तयार करणारे अवयव, एवढीच सामान्य समजूत असते. वस्तुतः त्यांचें मुख्य काम रक्त गाळण्याचें. कमरेच्या जरा वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या या मुठीएवढ्या अवयवांत प्रत्येकीं सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. निरोगी माणसांत त्या दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील उपयुक्त भाग पुन्हा रक्तांत सोडतात, आणि अवघी दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केंसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता होय. मेंदूचें पोषणही अशाच बारीक वाहिन्यांवर चालतें. मधुमेह आणि रक्तदाब यांनीं मूत्रपिंडांतील वाहिन्या झिजविल्या म्हणजे मेंदूंतील वाहिन्या तेवढ्या सुरक्षित राहतील, अशी आशा करतां येत नाहीं. शिवाय गाळल्याविना राहिलेलीं द्रव्यें रक्तांत सांचून मेंदूवर मळभ आणतात. आणि रक्त तयार होण्यास मूत्रपिंडांची जी मदत लागते ती कमी पडल्यामुळें रक्तक्षय होऊन प्राणवायूचा पुरवठाही घटतो.

म्हणून हीं दोन दुखणीं एकाच देहांत येतात हा निव्वळ योगायोग नव्हे. अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहराच्या परिसरांत, पंचावन्न वर्षांवरील व यंत्राच्या साह्यानें रक्त शुद्ध करून घेणाऱ्या ३३८ रोग्यांची बुद्धिपरीक्षा घेण्यांत आली. तिचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. शेंकडा ३७ जणांच्या बुद्धिशक्तींत तीव्र उणीव आढळली. जिचें कांहींच बिघडलेलें नाहीं अशी बुद्धि शेंकडा तेरांचीच होती. त्याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, यांतील बहुतेकांच्या रुग्णपत्रिकेवर या उणिवेची नोंदच नव्हती. तेथील वैद्यकांच्याही नजरेंतून जें निसटलें, तें आपल्या माजघरांत ‘वय झालें आतां’ या तीन शब्दांखालीं झांकलें जातें, यांत नवल काय?

विसर आणि भ्रम

या ‘वय झालें’ची किंमत मीं एकदां मोजली आहे. गतवर्षींच्या श्रावणांत दोन दिवसांच्या आंत यांचें वागणें पालटलें. भरदुपारीं हे उठून बसत, भिंतीवर माणसें दिसतात म्हणत, आणि मला आपली दिवंगत बहीण समजून हांक मारीत. मीं मनाशीं म्हटलें, दुखणें आतां पुढच्या पायरीवर गेलें. तिसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं डॉक्टरांस घरीं आणिलें, तेव्हां लघवीच्या मार्गांत जंतुदोष झाल्याचें निघालें. औषध सुरू झालें, आणि आठवड्याच्या आंत हे मला माझ्या नांवानें हांक मारूं लागले.

त्या वेळीं डॉक्टरांनीं जो भेद समजावून दिला तो प्रत्येक घरांत ठाऊक असावा असा आहे. स्मृतिभ्रंश महिन्यां-वर्षांनीं, पावलापावलानें वाढतो. जें तासांत किंवा दिवसांत बिघडतें, सकाळीं एक आणि सायंकाळीं दुसरें असें हेलकावे खातें, तो बहुधा भ्रम होय, आणि भ्रमाला कारण असतें. लघवीचा किंवा छातीचा जंतुदोष, रक्तांतील सोडियम वा साखर कमी होणें, उन्हानें शरीर सुकणें, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणें, पडल्यामुळें डोक्यास बसलेला मार, यांपैकीं कांहींही त्याच्या मुळाशीं असूं शकतें. मूत्रपिंडाच्या रोग्यांत आणखी एक कारण असतें, तें औषधांचें. निरोगी माणसाच्या शरीरांतून जें औषध सहज बाहेर जातें, तें यांच्या शरीरांत सांचत राहतें. मज्जातंतूंच्या वेदनेवर देतात तें गॅबापेंटिन, स्नायूंचा ताठरपणा घालविणारें बॅक्लोफेन, कांहीं प्रतिजैविकें, हीं नेहमींच्या मात्रेनें दिलीं तरी अशा रोग्यास गुंगी व भ्रम आणूं शकतात. सांधेदुखीवर दुकानांतून परस्पर आणलेल्या गोळ्या मूत्रपिंडांस आणखी दुबळें करितात, तें निराळेंच. यास्तव, कोणत्याही नव्या डॉक्टरांपुढें जातांना ‘यांची मूत्रपिंडें अधू आहेत’ हें वाक्य रोग्याच्या नांवाआधीं उच्चारावें.

खऱ्या स्मृतिभ्रंशाला मात्र वादविवादानें उत्तर नसतें. दिवेलागणीच्या सुमारास यांची अस्वस्थता वाढते. ‘मला घरीं जायचें आहे’ असें हे आपल्याच घरांत बसून म्हणतात. प्रथम मी ‘हेंच घर आपलें’ म्हणून पुरावे देत असे, आणि आम्हीं दोघेंही थकत असूं. आतां मी दिवे लवकर लावितें, खोलींत सांवल्या पडूं देत नाहीं, आणि नातवाला रामरक्षा म्हणावयास बसवितें. आज सकाळीं काय जेवलों तें ज्यांना सांगतां येत नाहीं, ते लहानपणीं पाठ केलेली रामरक्षा एक अक्षर न चुकतां म्हणतात. जुनें ज्ञान शेवटपर्यंत राहतें, आणि त्याचा हात धरून माणसाला शांत करतां येतें.

पाणी, मीठ आणि संत्रें

पथ्याविषयीं लिहिण्यापूर्वीं एक इशारा दिलाच पाहिजे. मूत्रपिंडाच्या प्रत्येक रोग्यानें पाणी कमी प्यावें, ही समजूत चुकीची व घातक आहे. रोगाच्या आरंभीं, विशेषतः उन्हाळ्यांत, पाणी कमी पडल्यानें उलट मूत्रपिंडें अधिकच दुखावतात. लघवी घटून पायांवर सूज येऊं लागली, दम लागूं लागला, म्हणजे बंधन येतें. आणि तें किती, हें डॉक्टरांनीं रोगी पाहून ठरवावयाचें असतें. आदल्या दिवशीं झालेली लघवी आणि तिच्यावर सुमारें अर्धा लिटर, असा एक ढोबळ हिशेब त्यासाठीं वापरतात. त्यांत चहा, ताक, वरण, आमटी हीं सारीं धरावयाचीं. रोज सकाळीं एकाच वेळीं, एकाच कपड्यांत वजन घ्यावें. एका दिवसांत किलोभर वजन वाढलें तर तें मांस नव्हे, अंगांत राहिलेलें लिटरभर पाणी आहे असें समजावें.

तहानेवर उपाय तांब्यापेक्षां मिठाच्या बरणीपाशीं अधिक सांपडतो. खारट खाल्लें कीं तहान लागते. लोणचें, पापड, सांडगे, मिरगुंड हीं आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील पानाच्या डाव्या-उजव्या बाजूचीं भूषणें बंद केल्यावर यांचें पाणी मागणें निम्म्यावर आलें. पेल्याऐवजीं लहान वाटी वापरली, मधूनच बर्फाचा खडा चघळावयास दिला, चूळ भरूं दिली, तोंडांत वेलदोडा ठेवला, खोलींत वाळ्याचा पडदा लावला, तर दिवस निभतो. ‘कमी सोडियमचें मीठ’ म्हणून जें विकलें जातें त्यांत बहुधा पोटॅशियम असतें. रक्तदाबाच्या इतर रोग्यांस तें गुणकारी ठरलें तरी येथें तें विषासमान होऊं शकतें.

पोटॅशियम हाच या पथ्यांतला सर्वांत फसवा शत्रु. दुबळीं मूत्रपिंडें त्याला बाहेर टाकूं शकत नाहींत, आणि रक्तांत तो फार वाढला तर हृदयाची गति बिघडून क्षणांत प्राणावर बेततें. हा शत्रु वाईट पदार्थांत असता तर गोष्ट सोपी होती. तो शहाळ्यांत आहे, केळ्यांत आहे, बटाट्यांत आहे, आणि नागपूरकरांच्या दुर्दैवानें संत्र्यांतही आहे. बटाट्यासारख्या भाज्या बारीक चिरून, पुष्कळ पाण्यांत भिजवून किंवा उकडून तें पाणी फेंकून दिलें म्हणजे त्यांतील पोटॅशियम बराच कमी होतो. फळांच्या रसाला असा उपाय नाहीं. कमरख हें फळ तर अशा रोग्याच्या पानाजवळही येऊं देऊं नये. त्यांतील द्रव्यानें मूत्रपिंडाच्या रोग्यांस न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, आणि क्वचित् मृत्युही आल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत.

हें सारें मला पाठ होतें. आणि माझ्याखेरीज घरांत कोणालाच तें ठाऊक नव्हतें.

स्तुति उलटते ती अशी

घरांत चिरंजीव आहेत, सून आहे, दोन नातवंडें आहेत, वरच्या मजल्यावर धाकटे भावजी व जाऊबाई आहेत. माणसांचा तोटा नाहीं. परंतु ‘आई करितात तसें कोणाला साधणार!’ हें वाक्य घरांत इतक्या वेळां उच्चारलें गेलें कीं, तें करण्याचा यत्न दुसऱ्या कोणीं केलाच नाहीं. खरें सांगावयाचें तर मींही कोणास करूं दिला नाहीं. सूनबाई औषधें काढावयास आली तर ‘राहूं दे, तुझा गोंधळ होईल’ म्हणून मी डबा हातांतून घेत असें. त्या नकारांत काळजी होती, तसा थोडा अभिमानही होता. माझ्यावांचून यांचें चालत नाहीं, हें उतारवयांत बाईला मोठें गोड वाटतें.

मग एका मार्गशीर्षांत मला ताप आला आणि मीं पांच दिवस अंथरूण धरलें. बाजारांत आंबिया बहाराचीं संत्रीं भरभरून आलेलीं. यांनीं सुनेजवळ संत्र्याचा रस मागितला. तिनें प्रेमानें काढून दिला. तासाभरानें, प्यालेला रस विसरून, यांनीं पुन्हा मागितला. आई आजारी, निदान बाबांची तरी आबाळ होऊं नये, म्हणून तिनें पुन्हा दिला. भावजींनीं अशक्तपणावर चांगलें म्हणून शहाळीं आणिलीं. चौथ्या दिवशीं यांचे पाय लुळे पडल्यासारखे झाले आणि नाडी मंदावली. रुग्णालयांत नेल्याबरोबर रक्तांतील पोटॅशियम भलताच चढल्याचें आढळलें. वेळेवर उपचार झाले म्हणून हे वांचले.

त्या रात्रीं डॉक्टरांनीं कोणास दोष दिला नाहीं. एवढेंच विचारलें कीं, ‘यांचें पथ्य घरांत कोणाकोणाला माहीत आहे?’ सारे गप्प झाले. सूनबाई रडत म्हणाली, ‘आई, तुम्हीं मला कधीं सांगितलेंच नाहीं.’ मजजवळ उत्तर नव्हतें. रस तिनें दिला होता, परंतु अपराध माझ्या शहाणपणाचा होता, तसाच त्या शहाणपणाची नुसती स्तुति करून बाजूस झालेल्या सर्वांचाही होता.

आपल्याकडे सेवेचें आदर्श म्हणून एकटी झिजणारी स्त्री दाखविण्याची चाल आहे. परंतु जवळचेंच एक उदाहरण पाहावें. नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या घरांतील कन्या १९४६ सालीं बाबा आमट्यांशीं विवाह करून साधनाताई झाली. पुढें पाठीच्या कण्याच्या विकारानें बाबांना बसणेंच अशक्य झालें. उभें राहावें किंवा आडवें व्हावें, एवढ्यावर त्यांचीं अनेक वर्षें गेलीं. साधनाताईंनीं आनंदवनांत आणि १९९० नंतर नर्मदाकांठच्या कसरावद येथें त्यांना सांभाळलें. २००८ च्या फेब्रुवारींत बाबा गेले तोंवर त्यांची साथ सुटली नाहीं. त्या सेवेचें मोल कमी लेखण्याचा विचारही कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु त्यांच्याभोंवतीं एक सबंध वसाहत होती, मुलें-सुना होत्या, कार्यकर्ते होते. थोर सेवा ही एकटीची असावी लागते असें नव्हे. उलट तिला पुष्कळ हात लाभले म्हणूनच ती दीर्घकाळ टिकते. आपल्या एकत्र कुटुंबांत हात आहेत. त्यांना काम दिलेलें नसतें, इतकेंच.

आम्हीं तें दिलें. स्वयंपाकघरांत एक वही दोरीनें बांधून ठेविली. सकाळचें वजन व रक्तदाब चिरंजीव लिहितात; दिवसभराचें पाणी जो देईल तो लिहितो; औषधांचा आठवड्याचा डबा रविवारीं सूनबाई भरते आणि मी तपासतें. काय चालेल, काय चालणार नाहीं, याची मोठ्या अक्षरांतली यादी शीतकपाटावर लाविली आहे. नातीनें तिच्यावर संत्र्याचें चित्र काढून फुली मारली आहे. मंगळवार व शुक्रवार सायंकाळ भावजींची. त्या वेळीं मी घरांत थांबत नाहीं, देवळांत जातें किंवा मैत्रिणीकडे जातें. प्रथम हें मला चोरी केल्यासारखें वाटे. पण माझा स्वतःचा रक्तदाब जो दीड वर्षांत कोणीं मोजला नव्हता, तो वाढलेला निघाला, तेव्हां ही चोरी नसून औषध आहे हें पटलें. ज्या घरांत असे हात नसतील, तेथें वृद्धांसाठीं १४५६७ ही सरकारी दूरध्वनिसेवा निदान मार्ग तरी दाखविते.

शुद्ध असतांनाच विचारावें

रुग्णालयांतून परतल्यावर आणखी एक गोष्ट टाळतां येणार नाहीं, हें उमगलें. मूत्रपिंडें पुरतीं थकलीं म्हणजे डायलिसिस करावयाचें कीं नाहीं? आठवड्यांतून बहुधा तीनदां, दर वेळीं सुमारें चार तास, यंत्रास जोडून रक्त शुद्ध करणें, हें त्याचें सामान्य स्वरूप. हें यंत्र हॉलंडमध्यें विल्यम कोल्फ या डॉक्टरानें महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं तयार केलें; आणि १९४५ सालीं त्यानें जिचे प्राण प्रथम वांचले ती सदुसष्ट वर्षांची वृद्धाच होती. म्हातारपणीं त्याचा उपयोग नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. १९७५ सालीं तुरुंगवासांत मूत्रपिंडें निकामी झालेले जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत आले, तेव्हां डायलिसिस हा शब्द आपल्याकडे घरोघर पोंचला. ते तेव्हां त्र्याहत्तर वर्षांचे होते. यंत्राच्या आधारानें ते ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत जगले, आणि त्या काळांत त्यांनीं १९७७ चें राज्यपरिवर्तन घडवून आणिलें.

परंतु जयप्रकाशांची बुद्धि जागी होती. जेथें देह आणि बुद्धि दोन्ही खचलेलीं आहेत, तेथील चित्र निराळें आहे. अमेरिकेंतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ज्या वृद्धांनीं डायलिसिस सुरू केलें, त्यांच्याविषयींचा एक अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षाच्या आंत त्यांतील शेंकडा ५८ जण मृत्यु पावले, आणि पूर्वींइतकें आपलें आपण करण्याची शक्ति ज्यांनीं टिकविली असे अवघे शेंकडा १३ होते. यंत्राला कां जोडलें आहे हें ज्याला समजत नाहीं, तो सुई उपटूं पाहतो, भितो, रडतो. यंत्राविना, सूज, खाज, दम व वेदना यांवर उपचार करीत राहण्याचाही एक मार्ग वैद्यकाला मान्य आहे. तो ‘कांहीं न करणें’ नव्हे. पैशाची चिंता पूर्वींइतकी राहिलेली नाहीं. महाराष्ट्रांत महात्मा फुले जनआरोग्य योजनेंत डायलिसिसचा समावेश आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील नागरिकांस, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखालीं कुटुंबागणिक वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण मिळतें. म्हणून प्रश्न उरतो तो रोग्याच्या इच्छेचा. आणि ती इच्छा त्याला सांगतां येते तोंवरच विचारून घेतली पाहिजे.

आपल्याकडे असा प्रश्न विचारणें अभद्र समजतात. मीही महिनाभर धीर केला नाहीं. यांची बुद्धि सकाळीं न्याहारीनंतर सर्वांत स्वच्छ असते, म्हणून एका रविवारीं त्या वेळीं आम्हीं सारीं भोंवतीं बसलों आणि चिरंजीवांनीं सरळ विचारलें. हे पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘तीन महिने करून पाहा. सुई कोण टोंचतो आणि कशासाठीं, हें मला कळतें आहे तोंवर चालूं ठेवा. कळेनासें झालें कीं बंद करा. हिला रात्रंदिवस बसवूं नका.’ शेवटचें वाक्य ऐकून मी उठून आंत गेलें.

तें आम्हीं लिहून काढलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं अशा आगाऊ इच्छापत्रास मान्यता दिली, आणि २०२३ च्या जानेवारींत त्याची रीत सोपी केली. आतां दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीचें किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचें साक्षांकन घेतलें कीं पुरतें. यांनीं सही केली ती जुन्याच वळणाची, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर करीत तशी. आज हे तो रविवार विसरले आहेत. परंतु ज्या दिवशीं निर्णयाची वेळ येईल, त्या दिवशीं मला, सुनेला किंवा मुलाला आपल्या मनाशीं भांडावें लागणार नाहीं, आणि नातलगांपैकीं कोणाला ‘तुम्हीं त्यांना मरूं दिलें’ किंवा ‘तुम्हीं त्यांना उगाच छळलें’ असें म्हणतां येणार नाहीं. त्यांचा शब्द त्यांच्याच हातचा आहे.

हा लेख वाचून कोणी माझ्या सेवेची वाखाणणी करूं नये. तुमच्या घरांत किंवा शेजारीं अशी एखादी बाई असेल, तर तिला धन्य म्हणूं नका. तिच्याकडून औषधांचा डबा कसा भरावयाचा तें शिकून घ्या, आणि एक सायंकाळ तिला घराबाहेर पाठवा. आणि जी बाई आज एकटीच सारें पेलीत असेल, तिनें आपल्याला ठाऊक असलेलें सर्व आजच रात्रीं एका वहींत लिहावें. तिच्या पतीचें आयुष्य तिच्या एकटीच्या स्मरणावर टांगून ठेवणें हें प्रेम नव्हे. स्मरण दगा देतें, हें तिच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

हें लिहीत असतांना बाहेरच्या खोलींतून यांनीं पाणी मागितलें. नातू उठला, त्यानें वही पाहिली, अर्धी वाटी भरून नेली, आणि परत येऊन लिहिलें: दुपारीं तीन वाजून दहा मिनिटें, पन्नास मिलिलिटर. मी आपल्या जागेवरून हाललें नाहीं.